विमान टर्बाइन इंधनाचा डिझेल इंजिनातील वापर

विमान टर्बाइन इंधनाचा डिझेल इंजिनातील वापर म्हणजे जेट आणि टर्बोप्रॉप विमानांसाठी तयार केलेले रॉकेलवर्गीय इंधन डिझेलऐवजी किंवा डिझेलमध्ये मिसळून संपीडन-प्रज्वलन इंजिनात जाळणे होय. भारतात हे इंधन ‘एटीएफ’ या आद्याक्षरांनी ओळखले जाते. त्याचा सर्वाधिक प्रचलित प्रकार जेट ए-१ हा आहे. विमान इंधन आणि डिझेल ही दोन्ही खनिज तेलाच्या ऊर्ध्वपातनातून मिळणारी मध्यम वजनाची इंधने असल्यामुळे बहुतेक डिझेल इंजिने विमान इंधनावर चालू शकतात. तथापि इंजिन चालणे आणि ते दीर्घकाळ सुरक्षितपणे चालणे या दोन भिन्न बाबी आहेत. डिझेल इंजिनाला आवश्यक असलेला सीटेन क्रमांक व वंगणक्षमता यांची हमी विमान इंधनाचे मानक देत नाही, कारण ते मानक टर्बाइन इंजिनाच्या गरजा समोर ठेवून ठरवलेले आहे.

उत्तर अटलांटिक करार संघटनेची (नाटो) सैन्यदले, ध्रुवीय संशोधन केंद्रे आणि डिझेल इंजिनाची लहान विमाने यांमध्ये असा वापर अधिकृतपणे केला जातो. भारतात मात्र रस्त्यावरील वाहनांसाठी विकल्या जाणाऱ्या डिझेलमध्ये विमान इंधन किंवा रॉकेल मिसळणे ही भेसळ समजली जाते व तो गुन्हा आहे.

## पार्श्वभूमी

तेलशुद्धीकरण कारखान्यात खनिज तेल तापवून त्याचे निरनिराळ्या उत्कलनबिंदूंचे भाग वेगळे केले जातात. नाफ्था व पेट्रोल हे हलके भाग आधी, त्यानंतर रॉकेल व त्यानंतर डिझेल असा त्यांचा क्रम असतो. विमान टर्बाइन इंधन हा रॉकेलचाच काटेकोरपणे शुद्ध केलेला प्रकार आहे. त्याच्या रेणूंमध्ये साधारणपणे ८ ते १६ कार्बन अणू असतात, तर डिझेलमध्ये याहून लांब साखळीचे रेणूही मोठ्या प्रमाणात असतात. ऊर्ध्वपातनात हे दोन भाग एकमेकांना लागून असल्यामुळे त्यांच्या सीमा काही अंशी एकमेकींवर येतात. कारखान्याला गरजेनुसार रॉकेलचा काही भाग डिझेलमध्ये वळवता येतो. अंतिम मिश्रण डिझेलच्या मानकात बसत असेल, तर ही उत्पादनाची नेहमीची रीत आहे. विक्रीसाठी बाहेर पडलेल्या डिझेलमध्ये नंतर कोणी रॉकेल ओतणे ही त्याहून सर्वस्वी वेगळी गोष्ट होय, कारण त्यानंतर त्या मिश्रणाची प्रयोगशाळेत पुन्हा तपासणी होत नाही.

टर्बाइन इंजिनात इंधन सतत जळत असते. तेथे इंधनाने अत्यंत कमी तापमानात गोठू नये, काजळी कमी धरावी, उष्णतेने विघटित होऊ नये आणि त्यात पाणी वा घाण नसावी यांना महत्त्व असते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा दाबली गेल्याने तापते आणि त्या तप्त हवेत फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. त्यामुळे इंधनाने किती लवकर पेट घ्यावा हा तेथील मुख्य प्रश्न असतो. शिवाय डिझेल इंजिनातील इंधनपंप व इंजेक्टर यांच्या हलणाऱ्या भागांना बहुधा इंधनच वंगण पुरवते.

## गुणधर्मांची तुलना

भारतात विमान टर्बाइन इंधनासाठी आयएस १५७१ आणि मोटार डिझेलसाठी आयएस १४६० ही भारतीय मानक ब्यूरोची मानके लागू आहेत. दोन्ही इंधनांच्या प्रमुख गुणधर्मांची तुलना पुढीलप्रमाणे करता येते.

| गुणधर्म | जेट ए-१ | बीएस-६ डिझेल |
|---|---|---|
| सीटेन क्रमांक | मानकात मर्यादा नाही | किमान ५१ |
| गंधक (दर दहा लाख भागांत) | कमाल ३,००० | कमाल १० |
| १५ अंश सेल्सियसला घनता (किलोग्रॅम प्रति घनमीटर) | ७७५ ते ८४० | कमाल ८४५ |
| ४० अंश सेल्सियसला श्यानता (सेंटिस्टोक) | साधारणपणे १ ते १.६ | २ ते ४.५ |
| किमान प्रज्वलनांक (अंश सेल्सियस) | ३८ | ३५ |
| वंगणक्षमता चाचणीतील झिजेचा व्रण (मायक्रॉन) | या चाचणीची मर्यादा नाही | कमाल ४६० |
| कमी तापमानातील मर्यादा | गोठणबिंदू कमाल उणे ४७ अंश सेल्सियस | हंगामानुसार ठरते |
| उत्कलनाचा वरचा टप्पा | ३०० अंश सेल्सियसपर्यंत | सुमारे ३६० अंश सेल्सियसपर्यंत |

जेट ए-१ मधील गंधकाची कमाल मर्यादा बीएस-६ डिझेलच्या तीनशे पट आहे. प्रत्यक्षात पुष्कळशा विमान इंधनात गंधक या मर्यादेपेक्षा बरेच कमी असते. परंतु विशिष्ट टाकीतील इंधनात ते किती आहे हे चाचणीशिवाय सांगता येत नाही. प्रज्वलनांक म्हणजे ज्या तापमानाला इंधनाची वाफ ज्योतीच्या सान्निध्यात क्षणभर पेट घेते ते तापमान. डिझेलसाठी भारतीय मानकातील किमान मर्यादा कमी असली, तरी बाजारातील डिझेलचा प्रत्यक्ष प्रज्वलनांक सहसा विमान इंधनापेक्षा जास्त असतो.

## इंजिनावरील परिणाम

### ज्वलन
सीटेन क्रमांक जितका जास्त, तितके इंधन फवारणीनंतर लवकर पेटते. खनिज तेलापासून बनलेल्या जेट ए-१ चा सीटेन क्रमांक बहुधा ४० ते ५० यांच्या दरम्यान असतो. काही वेळा तो याहूनही खाली जातो. सीटेन कमी असल्यास फवारणी आणि पेट घेणे यांमधील कालावधी वाढतो. या कालावधीत सिलिंडरमध्ये साचलेले इंधन नंतर एकदम जळते. त्यामुळे दाब झपाट्याने वाढतो, इंजिनाचा खडखडाट वाढतो आणि पिस्टन व बेअरिंगांवरील ताण वाढतो. थंड इंजिन सुरू होण्यास वेळ लागतो व सुरुवातीला पांढरा धूर दिसतो. उंच प्रदेशात हवा विरळ असल्यामुळे हा दोष अधिक जाणवतो.

### वंगण व झीज
विमान इंधन डिझेलपेक्षा पातळ असते. उच्च दाबाच्या पंपातील प्लंजर आणि त्याचे आवरण यांमधील फट काही मायक्रॉनची असते. पातळ इंधन या फटीतून अधिक प्रमाणात मागे झिरपते आणि धातूंच्या पृष्ठभागांमधील इंधनाचा थरही पातळ होतो. इंधनाला वंगणक्षमता देणारे ध्रुवीय संयुगांचे अंश शुद्धीकरणात मोठ्या प्रमाणात निघून जातात. कोणतेही पूरक न घातलेल्या जेट ए-१ मुळे वंगणक्षमता चाचणीत पडणारा व्रण बहुधा ६०० मायक्रॉनच्या पुढे जातो, तर डिझेलसाठी ४६० मायक्रॉन ही मर्यादा आहे.

सर्व पंपांवर याचा परिणाम सारखा होत नाही. ज्या रांगपंपांचा खालचा भाग इंजिन तेलात चालतो, ते तुलनेने तग धरतात. फिरत्या वितरक पंपांचे सर्व भाग इंधनावरच अवलंबून असल्यामुळे ते लवकर झिजतात. कॉमन रेल पद्धतीच्या आधुनिक इंजिनांत दाब १,६०० ते २,५०० बारपर्यंत जातो. अशा पंपातून झिजून निघालेले धातूचे कण इंजेक्टरपर्यंत पोहोचतात; मग पंप, रेल, नळ्या व इंजेक्टर हा संपूर्ण संच बदलावा लागण्याची शक्यता असते.

### शक्ती व इंधनखर्च
वजनाच्या हिशेबाने विमान इंधनात डिझेलइतकी किंवा किंचित अधिक ऊर्जा असते. मात्र त्याची घनता कमी असल्यामुळे एका लिटरमागे मिळणारी ऊर्जा साधारण ३ ते ५ टक्के कमी पडते. डिझेल इंजिनात इंधन आकारमानाने मोजून फवारले जाते. म्हणून कमाल शक्ती घटते आणि त्याच कामासाठी अधिक लिटर इंधन लागते. जुन्या, झिजलेल्या पंपात मागे झिरपणाऱ्या इंधनामुळे ही घट आणखी वाढते.

### धूर, गंधक आणि शुद्धीकरण यंत्रणा
हलक्या रेणूंमुळे विमान इंधनाची वाफ लवकर होते व काजळी सहसा कमी निर्माण होते. हा त्याचा खरा लाभ आहे. मात्र बीएस-६ वाहनांतील धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेला गंधक सोसवत नाही. उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर गंधकाची संयुगे बसून त्याची कार्यक्षमता घटते आणि कण गाळणाऱ्या गाळणीचे कार्य बिघडते. याचे प्रमाण साध्या गणिताने समजते. दर दहा लाख भागांत १० भाग गंधक असलेल्या डिझेलमध्ये १,००० भाग गंधक असलेले विमान इंधन १० टक्के मिसळले, तर मिश्रणातील गंधक सुमारे १०९ भाग होते. म्हणजेच मर्यादेच्या जवळजवळ अकरा पट.

### रबरी भाग
इंधनातील ॲरोमॅटिक संयुगांमुळे नायट्राइल रबराची सील किंचित फुगतात व घट्ट बसतात. दीर्घकाळ डिझेलवर चाललेल्या इंजिनात अचानक कमी ॲरोमॅटिक असलेले इंधन घातले, तर ही सील आकुंचन पावून गळती सुरू होऊ शकते. जुन्या, ताठर झालेल्या सीलच्या बाबतीत हा धोका अधिक असतो.

### थंड हवामान
विमान इंधनाचा सर्वांत मोठा गुण थंडीत दिसतो. डिझेलमधील मेणासारखी पॅराफिन संयुगे थंडीत स्फटिकरूप होऊन गाळण्या बंद करतात. जेट ए-१ उणे ४७ अंश सेल्सियसपर्यंत गोठत नाही. म्हणून अतिथंड प्रदेशांत डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याची प्रथा जगभर दीर्घकाळ होती. लडाखमधील वाहनचालकही हिवाळ्यात हा उपाय करत असत. त्याला पर्याय म्हणून इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंश सेल्सियसपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल तेथे उपलब्ध करून दिले.

## पूरके

विमान इंधन डिझेल इंजिनात नियमितपणे वापरायचे असल्यास दोन उणिवा भरून काढाव्या लागतात. वंगणक्षमता वाढवण्यासाठी मेदाम्ले किंवा त्यांची एस्टर संयुगे अत्यल्प प्रमाणात मिसळली जातात. जैवडिझेलही हेच काम करते. १ ते २ टक्के जैवडिझेलाने वंगणक्षमतेत लक्षणीय सुधारणा होते. सीटेन वाढवण्यासाठी २-एथिलहेक्झिल नायट्रेट हे संयुग प्रचलित आहे. श्यानता, घनता आणि गंधक यांच्यावर मात्र पूरकांचा उपाय चालत नाही. पूरके घातलेले इंधन पुन्हा विमानात भरता येत नाही, हेही लक्षात घ्यावे लागते. जैवडिझेलाचे अंश विमान इंधनात जाऊ नयेत यासाठी तर स्वतंत्र कडक मर्यादा आहेत.

## लष्करी वापर

युद्धभूमीवर विमानांसाठी एक, रणगाड्यांसाठी दुसरे आणि मोटारींसाठी तिसरे इंधन पोहोचवणे जिकिरीचे असते. त्यामुळे सर्वांसाठी एकच इंधन असावे असा विचार नाटो देशांत पुढे आला. १९८६ मध्ये या संघटनेने जेपी-४ या अतिज्वलनशील इंधनाऐवजी रॉकेलवर्गीय एफ-३४ हे इंधन स्वीकारण्याचे ठरवले. अमेरिकेत त्याला जेपी-८ म्हणतात. जेट ए-१ मध्ये बर्फरोधक, गंजरोधक व वंगणक्षमता वाढवणारी पूरके घालून ते तयार होते. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९८८ मध्ये एकल इंधनाचे धोरण अधिकृत केले आणि टेक्सास राज्यातील फोर्ट ब्लिस येथे लष्करी वाहनांवर त्याची दीर्घ चाचणी घेण्यात आली.

१९९०–९१ च्या आखाती युद्धात या धोरणाची पहिली मोठी परीक्षा झाली. सौदी अरेबियात जेट ए-१ मुबलक उपलब्ध असल्यामुळे अमेरिकी भूदलाच्या अनेक वाहनांत ते भरले गेले. कडक उन्हात आधीच पातळ असलेले हे इंधन आणखी पातळ झाले. फिरते वितरक पंप असलेल्या हलक्या वाहनांत गरम इंजिन पुन्हा सुरू न होणे, शक्ती कमी पडणे व पंप झिजणे अशा तक्रारी आल्या. रणगाड्यांच्या धूरपडदा यंत्रणेतही अडचण आली. गरम धुराड्यात डिझेल फवारून दाट पांढरा पडदा निर्माण करणारी ही यंत्रणा हलक्या विमान इंधनावर नीट काम करत नव्हती.

या अनुभवानंतर पंपांचे धातू व रचना बदलण्यात आल्या आणि पूरकांची मात्रा निश्चित झाली. सीटेन व वंगणक्षमता वाढवणारी पूरके घातलेल्या प्रकाराला नाटोने एफ-६३ अशी स्वतंत्र संज्ञा दिली. एकल इंधनाची कल्पना रूढ होण्यामागे इंजिन, पूरक, चाचणी व पुरवठा यांची ही संपूर्ण साखळी आहे.

## डिझेल विमान इंजिने

विमानात डिझेल इंजिन वापरण्याचा प्रयत्न जुना आहे. अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीच्या डिझेल इंजिनावर १९२८ मध्ये विमान उडाले, तर १९३० च्या दशकात जर्मनीतील युंकर्स कंपनीची जुमो २०५ इंजिने प्रत्यक्ष सेवेत आली. पुढे जेट इंजिनांमुळे हा मार्ग मागे पडला.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी लहान विमानांसाठी त्याचे पुनरुज्जीवन झाले. याचे कारण इंधनाच्या उपलब्धतेत होते. पिस्टन इंजिनाच्या विमानांना लागणारे शिसेयुक्त विमान पेट्रोल अनेक देशांत दुर्मीळ व महाग आहे, तर जेट ए-१ प्रत्येक मोठ्या विमानतळावर मिळते. जर्मनीच्या थिलर्ट कंपनीने मर्सिडीज-बेंझच्या मोटारीतील डिझेल इंजिनावर आधारित सेंच्युरियन ही इंजिने तयार केली. ऑस्ट्रियातील ऑस्ट्रो इंजिन कंपनीच्या १६८ अश्वशक्तीच्या एई-३०० या इंजिनाला २००९ मध्ये प्रमाणपत्र मिळाले. तेही मर्सिडीज-बेंझच्या दोन लिटर क्षमतेच्या इंजिनावर आधारलेले आहे. या इंजिनांचे इंधनपंप, फवारणीचे नियंत्रण आणि भाग बदलण्याच्या मुदती विमान इंधन गृहीत धरूनच ठरवलेल्या असतात. मोटारीचे इंजिन विमान इंधनावर चालवता येते याचा हा सर्वांत ठळक पुरावा आहे. मात्र त्यासाठी किती बदल करावे लागतात याचाही तो पुरावा आहे.

## ध्रुवीय प्रदेशातील वापर

अंटार्क्टिकात वाहने, जनित्रे व हेलिकॉप्टरे यांसाठी रॉकेलवर्गीय इंधन सोयीचे ठरते. ते थंडीत प्रवाही राहते आणि साठवणुकीच्या निरनिराळ्या टाक्या लागत नाहीत. गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र भारताच्या अंटार्क्टिक मोहिमांचे संचालन करते. २०१२ मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘भारती’ या भारतीय केंद्रात वीज आणि उष्णता एकत्र पुरवणारी जनित्रे रॉकेलवर्गीय इंधनावर चालतील अशी रचना आहे.

## भारतातील कायदेशीर स्थिती

पेट्रोलियम नियम, २००२ नुसार डिझेल व विमान इंधन ही दोन्ही ‘ब’ वर्गातील, म्हणजे २३ ते ६५ अंश सेल्सियस प्रज्वलनांकाची इंधने ठरतात. साठवणुकीच्या दृष्टीने ती एका वर्गात असली, तरी विक्रीचे नियम भिन्न आहेत. विमान इंधनाची विक्री २००१ च्या विमान टर्बाइन इंधन विपणन नियमन आदेशाने नियंत्रित केली. डिझेलसाठी जीवनावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ अंतर्गत काढलेला २००५ चा मोटर स्पिरिट व हाय स्पीड डिझेल आदेश आहे. ज्या बाह्य पदार्थामुळे डिझेल आयएस १४६० मध्ये बसत नाही असा पदार्थ अनधिकृतपणे मिसळणे म्हणजे भेसळ, अशी व्याख्या या आदेशात आहे. अधिनियमाच्या कलम ७ नुसार अशा गुन्ह्यासाठी सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

पेट्रोल, डिझेल, विमान इंधन, खनिज तेल व नैसर्गिक वायू ही पाच उत्पादने वस्तू व सेवा कराच्या कक्षेत प्रत्यक्षात आणलेली नाहीत. त्यांवर केंद्राचे उत्पादन शुल्क व राज्यांचे मूल्यवर्धित कर निरनिराळ्या दरांनी आकारले जातात. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे व रायगड या भागांतील विमान इंधनावरील मूल्यवर्धित कर २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला. एकमेकांत सहज मिसळणाऱ्या इंधनांच्या करांत आणि अनुदानांत मोठे अंतर असणे हेच भेसळीचे मूळ आर्थिक कारण असते. सार्वजनिक वितरण व्यवस्थेतील स्वस्त रॉकेल निळ्या रंगाचे करण्यामागेही हाच विचार होता.

### भेसळ ओळखण्याच्या मर्यादा
पेट्रोल पंपावर घनतामापक बुडवून डिझेलची घनता मोजता येते. १५ अंश सेल्सियसला रूपांतरित केलेली घनता नोंदीतील आकड्यापेक्षा ३ एककांहून अधिक भिन्न असल्यास इंधन संशयास्पद ठरते. ग्राहकाला ही तपासणी मागण्याचा अधिकार आहे. परंतु विमान इंधन व रॉकेल यांच्या बाबतीत या चाचणीला मर्यादा आहे. डिझेलची घनता ८३० व रॉकेलची ७९५ धरल्यास २० टक्के भेसळीने घनता ७ एककांनी उतरते आणि ती पकडली जाते. ५ टक्के भेसळीने मात्र ती दोनपेक्षाही कमी एककांनी उतरते. अशी भेसळ ओळखण्यासाठी प्रयोगशाळेत ऊर्ध्वपातन, प्रज्वलनांक व गंधक यांच्या चाचण्या कराव्या लागतात.

## महाराष्ट्रातील संदर्भ

### शुद्धीकरण व वाहतूक
मुंबईतील माहूल येथे १९५० च्या दशकाच्या मध्यात दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. राष्ट्रीयीकरणानंतर ते हिंदुस्तान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम या कंपन्यांकडे आले. विमान इंधन आणि डिझेल ही दोन्ही उत्पादने तेथे तयार होतात. भारत पेट्रोलियमची मुंबईहून मनमाडमार्गे उत्तरेकडे जाणारी नळवाहिनी एकाच नळीतून निरनिराळी इंधने एकामागोमाग वाहून नेते. दोन इंधनांच्या सीमेवर काही प्रमाणात मिश्रण होणे अटळ असते. असे मिश्रण वेगळे काढून प्रयोगशाळेतील चाचणीनंतर त्याची विल्हेवाट लावली जाते. मानकात न बसणारे विमान इंधन विमानात कधीच भरले जात नाही; त्याची प्रतवारी उतरवून इतर इंधनाच्या साठ्यात मानक सांभाळून ते सामावून घेतले जाते.

### पानेवाडी येथील हत्या
रॉकेलवर्गीय इंधनाच्या काळ्या बाजाराची सर्वांत भीषण घटना २५ जानेवारी २०११ रोजी नाशिक जिल्ह्यात मनमाडजवळील पानेवाडी येथे घडली. इंधनाच्या टँकरांशी संबंधित गैरव्यवहार पाहून चौकशीसाठी थांबलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेथे जिवंत जाळण्यात आले. या हत्येनंतर राज्यभर सरकारी कर्मचाऱ्यांनी निषेध नोंदवला आणि भेसळ करणाऱ्यांवर धाडी घालण्यात आल्या. त्यापूर्वी १९ नोव्हेंबर २००५ रोजी उत्तर प्रदेशातील लखीमपूर खेरी येथे इंडियन ऑइलचे अधिकारी षण्मुगम मंजुनाथ यांची भेसळ उघड केल्यामुळे हत्या झाली होती. या प्रकरणांचा संबंध विमान इंधनाशी नसून रॉकेल व वाहन-इंधनाच्या भेसळीशी होता. तथापि ‘डिझेलमध्ये रॉकेल चालते’ या तांत्रिक वस्तुस्थितीवरच तो काळाबाजार उभा होता.

### मालवाहतूक
ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुका यंत्रमाग व गोदामे यांसाठी ओळखला जातो. तेथील मालवाहतूक मुख्यतः डिझेल ट्रकांवर अवलंबून आहे. वज्रेश्वरीवरून जाणारा शिरसाड–अंबाडी रस्ता मुंबई–अहमदाबाद महामार्गाला भिवंडी–वाडा मार्गाशी जोडतो. अशा भागात यांत्रिक पंपाचे जुने ट्रक आणि १ एप्रिल २०२० नंतरचे बीएस-६ ट्रक एकाच रस्त्यावर चालतात. रॉकेल मिसळलेले डिझेल जुन्या ट्रकला काही काळ पचते आणि झीज उशिरा लक्षात येते. नव्या ट्रकच्या कॉमन रेल यंत्रणेला व धूरशुद्धीकरणाला तेच इंधन लवकर बाधते आणि दुरुस्तीचा भार वाहनमालकावर पडतो. भेसळीतून होणारी बचत एकाची आणि नुकसान दुसऱ्याचे, असे त्याचे स्वरूप असते.

### उड्डाण प्रशिक्षण व संशोधन
विमान इंधनाचा डिझेल इंजिनातील अधिकृत वापरही महाराष्ट्रात आढळतो. गोंदियाजवळील बिरसी विमानतळावरील राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्थेच्या ताफ्यात डायमंड कंपनीची विमाने आहेत. या कंपनीच्या दोन इंजिनांच्या डीए-४२ विमानाची रचना मुळात जेट ए-१ वर चालणाऱ्या डिझेल इंजिनांभोवती झाली. भारतात विमान पेट्रोल बराच काळ आयात करावे लागत असल्यामुळे अशा विमानांचे महत्त्व अधिक होते. इंडियन ऑइलने २०२२ मध्ये वडोदरा येथील कारखान्यात देशी विमान पेट्रोलचे उत्पादन सुरू केले.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील संरक्षण संशोधन व विकास संघटनेची वाहन संशोधन व विकास संस्था मानवरहित विमानांसाठी देशी डिझेल इंजिन तयार करण्याच्या कामात सहभागी आहे. ‘तपस’ या मानवरहित विमानासाठी १८० अश्वशक्तीच्या इंजिनाचा प्रकल्प हाती घेण्यात आला. या विमानाच्या उड्डाणांत त्यापूर्वी ऑस्ट्रो कंपनीची आयात केलेली डिझेल इंजिने वापरली गेली होती.

## शाश्वत विमान इंधन आणि सीटेनचा प्रश्न

वनस्पतिज तेले, अल्कोहोल इत्यादींपासून बनवलेले विमान इंधन आता खनिज विमान इंधनात मिसळले जात आहे. १९ मे २०२३ रोजी पुणे ते दिल्ली या मार्गावर एअरएशिया इंडियाच्या प्रवासी विमानात असे मिश्रण वापरले गेले. त्यातील शाश्वत इंधन पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने देशी कच्च्या मालापासून तयार केले होते. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये १ टक्का व २०२८ मध्ये २ टक्के मिश्रण करण्याचे सूचक उद्दिष्ट भारताने जाहीर केले आहे.

टर्बाइनला सीटेन क्रमांकाची फारशी गरज नसल्यामुळे मानकांत त्याची अट नाही. डिझेल इंजिनासाठी मात्र ही बाब कळीची आहे. वनस्पतिज तेलांच्या हायड्रोजनीकरणातून बनलेल्या इंधनाचा सीटेन क्रमांक डिझेलपेक्षाही जास्त असू शकतो, तर अल्कोहोलपासून बनलेल्या, फांद्यायुक्त रेणूंच्या इंधनाचा तो २० च्याही खाली असतो. नंतरच्या प्रकाराचे मिश्रण वाढले, तर विमानतळावरचे तेच जेट ए-१ टर्बाइनला पूर्णतः योग्य आणि डिझेल इंजिनाला अयोग्य ठरू शकते. त्यामुळे डिझेल विमान इंजिनांचे निर्माते व एकल इंधन वापरणारी सैन्यदले यांच्यासाठी सीटेनची किमान मर्यादा हा चर्चेचा विषय झाला आहे.

## सुरक्षितता

उन्हाळ्यात महाराष्ट्राच्या अनेक भागांत तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते. म्हणजे ते जेट ए-१ च्या किमान प्रज्वलनांकापेक्षा जास्त असते. अशा वेळी टाकीतील मोकळ्या जागेत इंधनाची पेट घेण्याजोगी वाफ तयार होऊ शकते. शुद्ध विमान इंधन विजेचे कमकुवत वाहक असल्यामुळे ते ओतताना स्थिर विद्युत साचते. म्हणून विमानतळावर इंधन भरताना वाहन व विमान तारेने जोडले जातात. प्लॅस्टिकच्या कॅनमधून किंवा जोडणीविना पिंपातून ते ओतणे धोक्याचे असते. त्वचेशी वारंवार संपर्क आल्यास दाह होतो आणि वाफेमुळे डोकेदुखी व गुंगी येऊ शकते.

## हेही पहा

- डिझेल इंजिन
- रॉकेल
- सीटेन क्रमांक
- भारत स्टेज उत्सर्जन मानके
- जैवडिझेल
- यशवंत सोनवणे